पालवणकर बाळू : न मिळालेले कर्णधारपद

कोकणातल्या माणसाने आपले आडनाव सांगितले की बहुधा त्याचे गाव कळते. आचरेकर, देवगडकर, वेंगुर्लेकर ही आडनावे ऐकली की वाट, खाडी आणि बंदर डोळ्यांपुढे उभे राहते. पालवणकर हे आडनावही तसेच. पालवण हे रत्नागिरी जिल्ह्यातले एक लहान गाव. आमचे नांदगावही १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत त्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते. त्या नात्याने पालवणकर आमचे जिल्हाबंधूच म्हणायचे. परंतु मी इतिहासाचा विद्यार्थी असूनही परवापरवापर्यंत हे नाव मला केवळ ऐकून माहीत होते. आमच्याकडे भातकापणी झाली की मोकळ्या कुणग्यांत स्टंप रोवले जातात आणि पुढे मे महिन्यापर्यंत वाडीवाडीच्या संघांचे सामने चालतात. तिथे सचिनचे नाव घेतले जाते, गावसकरांचे तर घेतले जातेच. गावसकर हे आडनाव आपल्याच बाजूचे, म्हणून जरा अधिक अभिमानाने घेतले जाते. बाळू पालवणकरांचे नाव मात्र कोणी घेत नाही. भारताच्या पहिल्या थोर गोलंदाजाचे नाव त्याच्या पूर्वजांच्या कोकणातच विसरले जावे, ही गोष्ट मला बोचली आणि म्हणून हा लेख.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे चांभार समाजाचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते. त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे भाऊ त्यांना येऊन मिळाले. शाळा थोडीशी झाली आणि सुटली. घरात पैशाची गरज होती.

बाळूला पहिली नोकरी मिळाली ती पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडण्याचे, खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे आणि सभासदांना हवे असेल तेव्हा चार चेंडू टाकण्याचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. तिथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधणे, रोलर ओढणे, खेळपट्टी आखणे ही कामे होतीच; शिवाय साहेबांच्या सरावासाठी गोलंदाजी करणे हेही काम आले. त्याचा डावा हात चेंडू विलक्षण वळवतो, हे साहेबांच्या लवकरच लक्षात आले.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. इतर सभासद येण्यापूर्वी ते मैदानावर येत आणि बाळूला तासन्‌तास गोलंदाजी करायला लावत. बाळूने त्यांना बाद केले की ते दर वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका उत्तम फलंदाजाला रोज चेंडू टाकून बाळूची गोलंदाजी घडली, हे निश्चित. या सरावातील दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेकडो तास गोलंदाजी करूनही बाळूला तिथे एकदाही बॅट हाती धरू दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा छंद आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती विभागणी होती. जातीचे उतरंडशास्त्र आपणच लिहिले असे आपण समजतो. साहेबानेही आपली एक प्रत तयार ठेवली होती.

पुण्याच्या हिंदू मंडळींचाही एक क्रिकेट संघ होता. युरोपियनांना हरवणे ही त्याची मोठी आकांक्षा. साहेबांच्या जाळीत एक हिंदू पोर साहेबांनाच बाद करतो, ही वार्ता त्यांच्या कानी आली तेव्हा मोठा पेच पडला. पोर हवा होता, पण त्याची जात नको होती. संघातील काहींनी त्याला घ्यावे म्हटले, काहींचा कडवा विरोध होता. बाळूची गोलंदाजी हिंदूंनी वाया घालवू नये असे ग्रेगसाहेबांनीही जाहीरपणे सुचवले, असे सांगतात. अखेर विजयाची हाव सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळू संघात आला.

तो संघात आला, पण कुठवर आला? मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळत. तोच चेंडू फलंदाजाने उडवला तर वरच्या जातीचा क्षेत्ररक्षक झेल घेई आणि पुन्हा बाळूच्या हाती देई. चहाची वेळ झाली की मात्र बाळूने तंबूबाहेर थांबायचे. इतरांना चिनीमातीच्या कपांतून चहा मिळे, त्याला तो बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून. जेवणाच्या वेळी त्याचे ताट निराळे आणि जागा निराळी. हात-तोंड धुवायचे झाले तर पाणी त्याच्याच समाजाच्या नोकराने आणून द्यायचे. चामड्याचा चेंडू चालतो आणि चिनीमातीचा कप चालत नाही, यातील विसंगती त्या सुशिक्षित मंडळींना जाणवली नसेल असे मला वाटत नाही. जाणवूनही ती सांभाळली गेली, कारण त्यात त्यांचे काही अडत नव्हते.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याबरोबर झालेल्या एका सामन्याची हकीकत प्रसिद्ध आहे. बाळूचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी सामन्यापूर्वी कित्येक दिवस खेळपट्टीवर रोलर फिरवून ती अगदी गुळगुळीत केली होती. बाळूने सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. रोलरचा गुण-दोष आयुष्यभर रोलर ओढलेल्या माणसापेक्षा अधिक कोणाला कळणार?

१८९६ साली प्लेगची साथ आली. बाळू मुंबईस आले. (इथून पुढे मी त्यांना अहोजाहो करतो, मुंबईने तरी तेवढे केले.) काही काळ लष्करी पलटणीत काढल्यावर ते बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वजात, नोकरीला लागले आणि तिच्या संघातून खेळू लागले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही प्रवेशाच्या वेळी विरोध झालाच. परंतु तो मोडून निघाला आणि तिथे ते संघातील इतरांबरोबर एका खोलीत जेवू लागले. पुण्याच्या तंबूबाहेरून मुंबईच्या भोजनगृहापर्यंत येण्यास त्यांना सुमारे दहा वर्षे लागली.

आता त्या काळची स्पर्धा कशी होती ते सांगणे भाग आहे, कारण आजच्या वाचकाला ती चमत्कारिक वाटेल. आज राज्याराज्यांचे किंवा शहरांचे संघ असतात. तेव्हा मुंबई इलाख्यात धर्माधर्मांचे संघ होते. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना आव्हान दिले. १९०७ पासून तिरंगी आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी स्पर्धा सुरू झाली. १९३७ साली उरलेल्यांचा पाचवा संघ येऊन ती पंचरंगी झाली आणि १९४६ मध्ये कायमची बंद पडली. हंगाम सुरू झाला की मुंबईत दुसरा विषय नसे. दोन सामने आणि त्यांतल्या विजेत्यांचा अंतिम सामना, एवढाच तो हंगाम. पण त्यासाठी कचेऱ्या ओस पडत आणि मैदानाभोवतीची झाडे माणसांनी लगडत.

फेब्रुवारी १९०६ मधील तो पहिला सामना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवल्याचा आनंद देशभर झाला. सुधारणावादी पत्रांनी या विजयात आणखी एक अर्थ पाहिला : ज्या संघाने जातीची अट सैल केली, तो संघ जिंकला. हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. मात्र तो अर्धाच खरा होता, हे पुढील वर्षांनी दाखवून दिले.

१९११ साली पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. महाराजांना खेळापेक्षा मेजवान्यांची आवड अधिक. संघाची कामगिरी यथातथाच झाली. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी दोन जिंकले, दहा गमावले. त्या पडझडीत एक माणूस ताठ उभा राहिला. पस्तिशीच्या बाळूंनी दुखऱ्या खांद्याने संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी मिळवले. त्यांतील ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. ज्या इंग्लंडच्या साहेबांनी पुण्यात त्यांना बॅट दिली नाही, त्यांच्याच देशातील जाणकारांनी त्यांची गणना उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत केली.

परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राचा मसुदा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने केला होता, असे इतिहासकार सांगतात. बाळू त्या तरुणाचे आदर्श होते. शाळेत पाण्याच्या घागरीला हात लावू न दिलेल्या मुलांना, आपल्यातला एक जण विलायतेत जाऊन साहेबांचे त्रिफळे उडवतो, ही बातमी किती बळ देऊन गेली असेल, याची आपण केवळ कल्पना करावी.

इतकी कीर्ती मिळाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यावे, हे न्यायाला धरून होते. ते आले नाही. १९१० पासून दर हंगामाला हा प्रश्न निघे आणि दर हंगामाला कर्णधार दुसराच कोणी होई. बराच काळ हे पद एम. डी. पै यांच्याकडे होते. पै सज्जन गृहस्थ. १९१३ साली आपल्या सत्काराला उत्तर देताना त्यांनी स्वतःच सांगून टाकले की हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा आहे. तरीही निवड समिती हलली नाही.

इथे मी थोडा थांबून विचार करू लागलो. चहाचा कप मिळाला, जेवणाची पंगत मिळाली, मग कर्णधारपदच का अडावे? माझ्या मते उत्तर सरळ आहे. गोलंदाज म्हणून बाळू संघाची सेवा करत होते. सेवा करून घेण्याची वरच्या जातींना शतकानुशतकांची सवय होती. कर्णधार आज्ञा देतो. कोणी कुठे उभे राहायचे, कोणी केव्हा चेंडू टाकायचा, हे तो सांगतो. ब्राह्मण, प्रभू, सारस्वत खेळाडूंनी चांभाराच्या पोराच्या खुणेसरशी जागा बदलायची, ही कल्पना जिमखान्याच्या चालकांना सोसवेना. त्यांच्या कर्तबगारीबद्दल कोणाला शंका नव्हती. अडचण त्यांच्या अधिकाराची होती.

म्हणूनच १९२० चा हंगाम मला बाळूंच्या चरित्रातला सर्वांत मोठा वाटतो, जरी त्यात त्यांनी घेतलेले बळी फारसे नाहीत. त्या वर्षी पहिल्या सामन्याच्या वेळी पै आजारी होते. बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधर यांना दिले गेले. देवधर गुणी फलंदाज आणि पुढे क्रिकेटमहर्षी म्हणून गाजले. पण शिवराम आणि विठ्ठल दोघेही त्यांना ज्येष्ठ होते. तेव्हा या दोन भावांनी जे केले ते तोवर कोणी केले नव्हते. त्यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्याला जातीमुळे डावलले जाते, हे पत्र लिहून जाहीर केले. महात्मा गांधी त्याच सुमारास अस्पृश्यतेविरुद्ध बोलू लागले होते. लोकमत भावांच्या बाजूने झुकले. पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्यात भाऊ सन्मानाने परत आले. बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार नेमले गेले. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, जेणेकरून बाळूंना संघाचे नेतृत्व करता यावे. पंचेचाळिशीला टेकलेल्या त्या थोर गोलंदाजाच्या वाट्याला कर्णधारपद आले ते असे, उसनवारीचे आणि काही तासांचे. त्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी ही त्यांची शिल्लक. आणि त्यांतील पहिला सामनाच वयाच्या तिशीत मिळालेला.

उसना मान पुढे हक्काचा झाला. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या हंगामात हिंदूंनी युरोपियनांना अंतिम सामन्यात हरवले आणि वरच्या जातींच्या चाहत्यांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठलनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतून लिहिले.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले आणि तो भाग आजही वादाचा आहे. ते गांधीजींना मानणारे होते. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या मागणीला विरोध केला आणि त्या सप्टेंबरात झालेल्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. त्याच वर्षी जूनमध्ये भारत लॉर्ड्‌सवर पहिला कसोटी सामना खेळला होता. बाळूंचे वय तेव्हा छप्पन्नच्या आसपास. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध त्यांना उभे केले. ज्याच्या मानपत्राचा मसुदा केला त्याच्याच विरुद्ध आंबेडकरांना लढावे लागले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. आपल्या समाजाचे हित कशात आहे याविषयी दोन मोठ्या माणसांचा मतभेद होता. काळाने कौल आंबेडकरांच्या बाजूने दिला असे मला वाटते. परंतु बाळूंचा मार्ग का वेगळा झाला हेही मला उमगते. त्यांनी हिंदू संघाचा दरवाजा आयुष्यभर आतून ठोठावला होता. तो कधीतरी पूर्ण उघडेल ही आशा सोडणे म्हणजे त्यांना आपला सारा खेळ व्यर्थ मानण्यासारखे झाले असते.

जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. मग विस्मरण सुरू झाले. प्रभादेवीत पी. बाळू मार्ग नावाचा एक रस्ता आहे. त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे बाळू कोण ते माहीत असेल? २००२ साली रामचंद्र गुहा यांनी इंग्रजी ग्रंथात त्यांची कथा विस्ताराने सांगितली, तेव्हा कुठे पुन्हा चर्चा झाली.

खेळात जातपात नसते, गुण असला की पुरे, असे आपल्या जिमखान्याच्या प्रत्येक पारितोषिक समारंभात सांगितले जाते. बाळूंचे चरित्र वाचल्यावर हे वाक्य मला अपुरे वाटू लागले आहे. बाळूंच्या अंगी गुण काही कमी नव्हता. त्या गुणाने त्यांना संघात नेले, पंगतीत नेले, विलायतेला नेले. कर्णधारपदाच्या उंबरठ्यावर तो गुण दहा वर्षे ताटकळत उभा राहिला. तो उंबरठा ओलांडला गेला तो दोन धाकट्या भावांनी नकार दिला म्हणून, आणि तो नकार ऐकायला बाहेर जनमत तयार होते म्हणून. भावांचा नकार एवढा जड का ठरला? कारण त्यांच्यावाचून संघाचे अडत होते आणि हे अडणे बाळूंच्या पंचवीस वर्षांच्या गोलंदाजीने निर्माण केले होते. गुणाने हक्क आपोआप मिळत नाही. गुणाने हक्क मागण्याचे बळ मिळते. मागावे मात्र लागते.

आमच्या भागात आता पुन्हा हंगाम सुरू होईल. वाडीवाडीचे संघ पडतील, फलक लागतील, कप ठरतील. आपण विद्यार्थी आता गावात शिकलेले म्हणून ओळखले जातो आणि संघ निवडताना आपला शब्द विचारला जातो. कोणाला संघात घेतले एवढेच पाहून न थांबता, कोणाला कर्णधार करायचे नाव साधे सुचलेसुद्धा नाही, हेही एकदा पाहावे. आणि जमल्यास एखाद्या करंडकाला पालवणकर बाळूंचे नाव द्यावे. त्यासाठी वर्गणी काढायची झाली तर पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.